पान सातवरचं खापर

१

हळद कालवून दोन तास झाले होते. परातीच्या कडेला ती सुकून तडकायला लागली होती, नवरी रिना पाटावर बसल्या बसल्या पेंगायला लागली होती, आणि जिच्या बोटांनी पहिली हळद लागायची ती अनुसयाफुई मांडवात नव्हती. मांडवात काय, अख्ख्या प्रकाशा गावात नव्हती. पुण्याहून तिच्यासोबत आलेले पाच जणही गायब. फोन लागत नव्हता.

फुई म्हणजे आत्या. नवरीचे वडील मगनकाका यांच्या घराण्यात पहिली हळद फुईची. ही रीत इतकी जुनी की ती मोडली तर काय होतं, हे कुणाला माहीतच नव्हतं. शेवटी गुरुजींनी घड्याळावर बोट आपटलं आणि शेजारच्या काकूंनी हळद लावून टाकली.

अडीच वाजता पांढरी गाडी तापीकाठच्या फार्महाऊसच्या फाटकातून आत शिरली. धुळीनं माखलेली, भुकेनं पिवळी पडलेली अनुसयाफुई खाली उतरली. तिच्या मुठीत एक गुलाबी पुस्तिका चुरगळली होती. 'पाहुणे, या! काय खाल, काय पाहाल.'

"हे कुणी लिहिलं?" तिनं विचारलं.

गेले चार दिवस रुचिका नेमक्या याच प्रश्नाची वाट बघत होती. ती खुर्चीवरून उडालीच.

"मी!"

आणि मग तिनं अनुसयाफुईचं तोंड नीट पाहिलं.

२

रुचिका अकरावीत होती. जानेवारीत जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून तिला खाली बसवणं कुणालाच जमलेलं नव्हतं. रिनाचं 'डेस्टिनेशन वेडिंग' प्रकाशातच आहे हे कळल्यावर गाव हसलं होतं. आपण रोज म्हशी धुतो त्याला डेस्टिनेशन म्हणतात होय! पण रुचिका हसली नाही. तिनं वही काढली. तोरणमाळचा तलाव, नंदुरबारला मिरची वाळत घातलेली लालभडक मैदानं, संगमावरची संध्याकाळ, शेवभाजी कुठे तिखट आणि कुठे नुसतीच लाल, सगळं लिहून काढलं. पुस्तिका सोळा पानांची झाली. प्रती दीडशे.

त्यातलं पान सात तिनं सर्वांत जीव ओतून लिहिलं होतं. 'खापरनी पोळी. गजराबाई, केदारेश्वराच्या घाटाजवळ.' खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायची आणि भप्पकन त्या तापल्या खापरावर टाकायची. गजराबाई म्हणजे रुचिकाची मोठी माय, तिच्या वडिलांची वहिनी. रुचिकाला बोलायला शिकवलं तिनंच. स्वतःला मात्र अक्षरओळख नव्हती.

"हिनं आम्हाला पन्नास किलोमीटर लांब खापर गावाला पाठवलं!" फुई ओरडत होती. "तिथे ना चूल, ना पोळी. आयुष्यात एकदा भाचीची हळद, ती गेली! भाऊ, ही पुस्तकं गोळा कर आणि जाळ. आणि हिच्या घरच्या पोळ्या उद्या या मांडवात आल्या, तर मी आत्ताच पुण्याला निघाले."

मगनकाकांनी मान खाली घातली. त्यांच्या घरच्या मांडवात गजराबाईच्या पोळ्या तीस वर्षांत पहिल्यांदा येणार होत्या, त्याही रिनानं हट्ट धरला म्हणून. इतकी वर्षं का येत नव्हत्या, ते कुणी धड सांगत नसे. रुचिकाच्या कानावर एवढंच होतं, की अनुसयाफुईच्याच लग्नात मोठ्या मायनं ऐन हळदीला खापर फोडलं, अपशकुन केला.

"काका," रुचिका म्हणाली, "मी खापर गाव लिहिलंच नाही. कुणीतरी डाव केलाय."

"मग दिवेलागणीपर्यंत नाव सांग," मगनकाका थकून म्हणाले. "नही तर पोळ्या बंद."

ती धावत घरी गेली. बातमी तिच्या आधी पोचली होती. मोठ्या मायनं चुलीवर पाणी ओतलं होतं. ओट्यावर बसून ती पोळ्या गुंडाळायची तांबड्या काठाची फडकी घडी करत होती.

"एक फडकं सापडस नही," एवढंच ती म्हणाली.

तीस वर्षांनी दार उघडलं आणि तोंडावर आपटलं! रुचिकाच्या डोक्यात सूड नुसता उकळायला लागला. भौतिकशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिची एक यादी होती, मथळा 'बघून घेईन'. तिथे तिनं नवीन ओळ घातली: पान सातचा चोर. खाली तीन रेघा.

३

पांढरी गाडी वाहरूदादाची. तो धडगावकडचा, डोंगरातला, बोलायचा मोजकं. तो काच पुसत होता.

"दादा, पुस्तक राहिलंय का एखादं गाडीत?"

त्यानं सीटखालून एक प्रत काढून दिली. रुचिकानं पान सात उघडलं.

'खापरची पोळी. खरी पोळी खायची तर खापर गावी जा. बसथांब्यामागे सोनीबाईंची चूल विचारा. प्रकाशाची पोळी विसरून जाल! सकाळी सातला निघा, हळदीच्या आधी परत याल. पहिली पोळी मागू नका, ती चुलिची असते.'

"हे मी लिहिलेलं नाही!" ती किंचाळली. "आणि चुलीची मधला 'ली' ऱ्हस्व! शी!"

"मी सांगेल होता बाईला," वाहरू म्हणाला. "मी खापरला दर आठवड्याला जातो, असली सोनीबाई नाही तिथं. तर ती म्हणे, छापलेलं खोटं असतं का? जाऊच. प्रकाशात नको. सगळीकडे विचारत फिरली. येताना डिझेल संपलं, तिथं दोन घंटे गेले. मग तिनं ते पान परत वाचलं. खालची ओळ. आणि एकदम चूप झाली बघ. तळोदा येईपर्यंत चूप. साप दिसल्यासारखी."

"खालची ओळ? चुलीची?"

"हां. तिच्यावर बोट ठेवून बसली होती."

इतक्यात रिनाचा भाऊ ललित तिथून जात होता. त्याच्या खिशातून गुलाबी कोपरा डोकावत होता. रुचिकानं ती प्रत खेचलीच.

पान सात. 'खापरनी पोळी. गजराबाई, केदारेश्वराच्या घाटाजवळ.' अगदी तिचंच, शब्द न् शब्द.

तिनं गच्चीवर ठेवलेला गठ्ठा चाळला. पाहुण्यांच्या खोल्या पालथ्या घातल्या. दीडशेपैकी फक्त सहा प्रतींत दुसरं पान होतं. त्या सहाही प्रती अनुसयाफुई आणि तिच्या पाच माणसांच्या.

म्हणजे चूक नव्हे. हे पान एका माणसासाठी छापलं होतं.

४

"खापर?" योगेंद्रनं गॉगल कपाळावर सरकवला. तो पुण्याचा, लग्न 'मॅनेज' करायला आलेला. रुचिकाची पुस्तिका त्याला पहिल्यापासून खुपत होती, कारण त्याला स्वतःची चकचकीत यादी छापायची होती, आणि नवरीनं ती नाकारली होती. रुचिकाच्या संशयितांत तो पहिला.

"तुम्हीच बदललंत ना पान?"

"ऐक ना, मला वेळ आहे का? मी तुझ्या वहीचे फोटो काढले आणि शहाद्याला प्रेसवाल्याला पाठवले, बास. आणि मला एक सांग, खापर तर फोडतात ना? कुणाच्या तरी डोक्यावर? त्याच्यावर पोळी कशी करतात?"

रुचिका त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला खापर म्हणजे भांडं हे माहीत नाही?"

"आत्ता कळलं."

"आणि खापर नावाचं गाव आहे, हे?"

"गाव पण आहे?" योगेंद्र घाबरून म्हणाला. "अजून काय काय आहे?"

एवढं खरं अज्ञान कुणालाच नाटक करून आणता येणार नाही. रुचिकानं यादीतून त्याच्या नावावर काट मारली. वाईट वाटलं, कारण त्याच्यावर सूड उगवायला मजा आली असती.

५

ललित केळीच्या बागेत जाऊन हसत होता. पोट धरून.

"फुई सात घंटे उपाशी!" तो म्हणाला. "रुचे, ज्यानी करं त्याना पाया पडसू मी."

ललितकडे कारण होतं. तीन वर्षं तो स्पर्धा परीक्षा देत होता, आणि अनुसयाफुई आली की भर पंगतीत विचारायची, 'काय रे, साहेब झालास की अजून पुस्तकंच खातोस?' शिवाय पुस्तिका वाटण्याचं काम त्याचंच.

"दादा, खरं सांग. तूच ना?"

"मी ऱ्हातू तं छातीवर लिही फिरतू! पन मी नही. फुईना खोलीमा पुस्तकं मी ठेवीच नहीत. मी गऊ तं टोपल्यासमा आधीच व्हती."

स्वागताच्या टोपल्या! कुरडया, पापड, शेंगदाण्याचे लाडू. त्या मोठ्या मायच्या ओट्यावर भरल्या होत्या. गल्लीतल्या सहा-सात बाया मदतीला होत्या. म्हणजे कुणीही...

"बरं, एक सांग. खापरावरची पहिली पोळी कुणाची असते?"

"पहिली? गायनी," ललित चटकन म्हणाला. "समदा घरमा गायनीच ऱ्हास. कसाले?"

"काही नाही," रुचिका म्हणाली. सगळ्या घरांत पहिली पोळी गाईची. मग चुलीची कुणाच्या घरात?

ते उत्तर तिला तिथेच ठाऊक होतं. पण काही उत्तरं आपण ऐकू आली तरी ऐकत नाही.

६

शहाद्याचा चुनीलाल प्रेसवाला 'बघून घेईन' यादीत जुना होता. दिवाळीत त्यानं छापलेल्या एका पत्रिकेतल्या अठरा चुका रुचिकानं लाल पेनानं गोल करून गावाच्या ग्रुपवर टाकल्या होत्या. त्यात 'हार्दीक' तर होतंच, 'आमत्रंण'ही होतं. चुनीलालकडेही बहुधा अशीच एक यादी असावी आणि तीत रुचिका असावी.

वाहरूदादा डिझेल भरायला शहाद्याला निघालाच होता, ती त्याच्या गाडीत चढली. दुकानात शिरली तेव्हा चुनीलाल जेवत होता. टेबलावर टोपली, टोपलीत फडकं, फडक्यात घडी घातलेली पोळी. तुपाचा वास.

"या मास्तरीनबाई," तो म्हणाला. "आते काय चुकनं?"

"सहा प्रतींत पान सात कुणी बदलायला सांगितलं?"

चुनीलालनं घास हळूहळू चावला. "छापं मीच. पन नाव सांगाव नही. वचन दिन्हं शे."

"योगेंद्रनं फोटो पाठवले होते. हे पानही मोबाइलवरच आलं का? की चिठ्ठी होती?"

"सांगाव नही."

"माझ्यावर सूड काढलात ना? अठरा चुकांचा?"

तेव्हा मात्र चुनीलालला लागलं. तो पोळी खाली ठेवून म्हणाला, "पोरी, तुन्हावर सूड काढना ऱ्हाता तं दीडशे पुस्तकमा काढता. तुन्हं पुस्तक मी तीन डाव वाचं. चांगलं शे. माले 'चूक करू नको, पोरनं नाव शे' असं बजाडेल व्हतं. तरी एखादी ऱ्हायनी व्हई."

"राहिलीच. 'चुलीची' ऱ्हस्व."

"आयकीसन लिखं की असंच व्हस," चुनीलाल बोलून गेला, आणि मग त्यानं जीभ चावली.

रुचिका दाराशी थिजली. ऐकून लिहिलं. तिनं वळून टोपलीकडे पाहिलं. पोळीखालचं फडकं पांढरं होतं. काठ तांबडा.

७

परतीच्या वाटेवर वाहरूदादानं दोनदा आरशातून पाहिलं. अशी गप्प रुचिका त्यानं पाहिली नव्हती.

ती मनात ओळी मांडत होती. ज्याला लिहिता येतं तो मोबाइलवर पाठवतो आणि चुनीलाल तसंच्या तसं उतरवून घेतो. योगेंद्रनं पाठवलेल्या पंधरा पानांत एकही चूक नव्हती, कारण ती रुचिकाची पानं होती. ज्याला लिहिता येत नाही तो तोंडानं सांगतो, आणि मग चुनीलालचा 'लि' ऱ्हस्व होतो. पहिली पोळी गाईची न म्हणता चुलीची म्हणणारं अख्ख्या प्रकाशात एकच घर. फडकं तिथलं. टोपल्याही तिथूनच गेल्या. आणि 'पोरनं नाव शे' असं तिच्याबद्दल म्हणणारं माणूसही एकच.

चूल अजून थंड होती. मोठी माय तिच्यासमोर बसली होती.

"सहा पुस्तकांना सहा पोळ्या दिल्यास ना चुनीलालकाकांना?" रुचिका म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज फाटला. "माझंच पुस्तक सापडलं तुला? माझं?"

मोठ्या मायनं नाकारलं नाही.

"तवय मी वीस वर्सनी," ती म्हणाली. "नवीन सून. त्यासना घरमा पोळ्या टाकाले गऊ. मन्ही मायनं दिधेल खापर लई गऊ. अनुसयानी हायद व्हती. ती वनी, म्हने पहिली पोळी माले दे. मी सांगं, पहिली चुलनी ऱ्हास बाई, दुसरी तुन्ही. तिनी लाथ मारी. खापरना तुकडा तुकडा. आन् समदासले सांगं, गजरानी फोडं. अपशकुन करा म्हने." तिनं मान वर केली. "तीस वर्सं, रुची. त्या घरमा मांडव पडना का मी पल्याड खेतमा जाई बसू. लोके 'खापरफोडी' म्हनेत."

"मग मला सांगायचंस!"

"तू बोलती फिरती. माले बोलनं नव्हतं. माले तिले फिराडनं व्हतं." म्हातारपणाकडे झुकलेल्या त्या डोळ्यांत एकदम वीस वर्षांची बाई चमकली. "तिनी मन्हं खापर फोडं. मी तिले खापरले धाडं."

रुचिकाला हसू आलं आणि त्याचाच राग आला. "आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर!"

"ते चुकनं," मोठी माय हलक्या आवाजात म्हणाली. "शेवटली ओळ मुद्दाम टाकी. ती वाचीसन तिले समजनं मी करं. माले वाटनं, ती मन्हं नाव लई. तवय मी समदं सांगसू, समदासमोर. पन तिनी नावच नही लिन्हं. पोरले पुढे करं."

रुचिकानं वही उघडली. 'पान सातचा चोर' या ओळीपुढे नाव लिहायचं होतं. पेन टेकलं आणि तसंच राहिलं.

अनुसयाफुईला कळलं होतं. तळोदा यायच्या आधीच, गाडीत कळलं होतं. तरी तिनं नाव घेतलं नाही.

तिनं खाडकन वही मिटली. "चल," ती म्हणाली. "दिवेलागण व्हई ऱ्हायनी."

८

मांडवात माळा लागल्या होत्या. पन्नास-साठ माणसं. अनुसयाफुई मधोमध खुर्चीत. रुचिकाला स्पर्धेतलं व्यासपीठ आठवलं. तिथे विषय होता 'पाणी वाचवा'. इथला विषय जास्त चांगला होता.

"नाव सापडनं?" मगनकाकांनी विचारलं.

"सापडलं. पण आधी एक प्रश्न. प्रकाशात जन्मलेल्या बाईला 'खापरनी पोळी' म्हणजे खापर गावची पोळी वाटेल का?"

बाया खुदकन हसल्या. खापर काय असतं हे कुणाला सांगायचं!

"योगेंद्रदादांना वाटू शकतं. फुईंना नाही. मग पन्नास किलोमीटर त्या का गेल्या? कारण पानावर लिहिलं होतं, 'प्रकाशाची पोळी विसरून जाल'. घाटावर गजराबाईंची चूल दहा मिनिटांवर. तिथं पाऊल टाकायचं नव्हतं. त्यांना कमीपणा आणायची संधी म्हणून फुई सकाळी सातला गाडीत बसल्या. वाहरूदादानं सांगितलं सोनीबाई नाही, तरी गेल्या. पान कुणीही लिहिलेलं असो, गाडीत फुईंना कुणी ढकललं नव्हतं."

"भाऊ, ही पोरगी माझा अपमान..."

"दुसरा प्रश्न," रुचिका म्हणाली. "येताना शेवटच्या ओळीवर बोट ठेवून फुई गप्प का झाल्या? 'पहिली पोळी मागू नका, ती चुलीची असते.' तुम्हा सगळ्यांच्या घरी पहिली कुणाची?"

"गायनी," चार-पाच जण म्हणाले.

"चुलीची हे फक्त एका घरात. ते फुईंना ओळखता आलं. म्हणजे पान कुणी बदललं हे त्यांना तिथेच कळलं. मग इथे आल्यावर त्यांनी ते नाव का नाही घेतलं? माझं का घेतलं?"

मागून एक आवाज आला.

"पान मी बदलं."

गजराबाई मांडवाच्या खांबाशी उभी होती. हातात कोरं, न वापरलेलं खापर. तीस वर्षांत ती पहिल्यांदा त्या घरच्या मांडवात आली होती.

"हळद चुकवायची होती मला तिची. चुकवली. जे म्हणायचं ते म्हणा," ती सगळ्यांना कळावं म्हणून शाळेतल्या मराठीत, शब्द शोधत बोलली. "पण पोरीला नाही म्हणायचं. आता तिनं सांगावं, पहिली पोळी चुलीची असते, हे तिला कुठं आणि कधी समजलं."

सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे वळले. अनुसयाफुईनं पदर सारखा केला. उठायला बघितलं. तेवढ्यात रिना, हळदीनं पिवळी झालेली नवरी, तिच्यासमोर जाऊन खाली बसली.

"फुई, मन्ही हायदना दिन शे. खोटं नको. तुन्हा लगीनमा खापर कोनी फोडं?"

"इतकी जुनी गोष्ट... मी एकोणीस वर्षांची होते."

"कोनी?"

माळांभोवती किडे फिरत होते. पुण्याचे पाच पाहुणे, ज्यांनी आज उपाशीपोटी खापरच्या गल्ल्या मोजल्या होत्या, ते सर्वांत पुढे सरकून ऐकत होते.

"मी," अनुसयाफुई म्हणाली. इतक्या हळू, की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं. म्हणून तिला परत म्हणावं लागलं. "मी. लाथ मारली."

मगनकाका उठून गजराबाईसमोर गेले आणि हात जोडून उभे राहिले.

"बोलू नको भाऊ," गजराबाई म्हणाली. "लाकडं कोठे शेत? सकाये पोळ्या टाकसू मी."

९

सकाळी नवं खापर तापलं. पहिली पोळी गजराबाईनं जाळात टाकली. दुसरी वाहरूला दिली. तिसरी चुनीलालला, जो आमंत्रण नसताना आला होता. मग पुण्याचे पाच जण, मग बँडवाले, मग सगळा गाव. अनुसयाफुई दोनदा ताट घेऊन आली. दोन्ही वेळा मोठी माय पोळी हातांवर खेळवत, वर न बघता म्हणाली, "रांगमा."

अनुसयाफुईला पोळी मिळाली तेव्हा मांडवातल्या घड्याळात अडीच वाजले होते. काल ती गाडीतून उतरली, तेव्हाही तेवढेच वाजले होते. हा योगायोग होता असं मोठी माय आजही सांगते, आणि रुचिका आजही मान डोलावते.

'बघून घेईन' यादीत एक काम मात्र उरलं होतं. पुस्तिकेत चूक छापली गेली तर ती दुरुस्त करावी लागते, हा नियमच आहे. रुचिकानं मजकूर लिहिला आणि चुनीलालनं दीडशे प्रती काढल्या. प्रत्येक पाहुण्याच्या परतीच्या पिशवीत लाडवांवर एक गुलाबी चिठ्ठी गेली. अनुसयाफुईच्या पिशवीत सहा.

एक चिठ्ठी मोठ्या मायसाठी ठेवली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून रुचिकानं चुलीपाशी बसून खणखणीत आवाजात वाचली.

'शुद्धिपत्र. पान सातवर खापर हे गाव म्हणून छापलं गेलं आहे. ते भांडं असं वाचावं. तसंच या घरात तीस वर्षं, खापर गजराबाईंनी फोडलं, असं सांगितलं जात होतं. तिथे अनुसयाबाईंनी असं वाचावं. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

मोठ्या मायनं चुलीत एक लाकूड सरकवलं.

"परत वाच," ती म्हणाली.